आईच्या जबड्यातली काच आणि तिची किडनी

"काच? तोंडात काच भरणार व्हय माझ्या?" असं आई म्हणाली आणि दाताच्या डॉक्टरीणबाई हसल्या, पण मला काही हसू आलं नाही. कारण त्यांनी दिलेल्या एस्टिमेटच्या कागदावर 'बोन ग्राफ्ट, बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास' असं लिहिलेलं होतं आणि ताईने मोबाईलवर शोधून मला लगेच पाठवलं होतं की ही काच सिलिकाची असते. आमच्या घरात सिलिका हा शब्द नुसता उच्चारला तरी सगळे गप्प होतात. धाकट्या काकांनी कोल्हापुरात शिरोलीच्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं मोल्डिंगचं काम केलं, वाळू चाळायची, साचे भरायचे, कास्टिंग झालं की साचे फोडायचे, आणि आता ते दोन जिने चढले की दारात बसून राहतात. सिलिकोसिस, वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात साठून होणारा आजार. त्यामुळे आईला वाटलं ते साहजिकच होतं, जी धूळ भाऊजींच्या छातीत गेली तीच आता माझ्या जबड्यात घालणार.

त्यात आईची किडनी. वय ६४, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा कचरा, १.५ च्या आसपास, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ३८, म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी स्टेज, त्यातला खालचा अर्धा भाग. शुगर पंधरा वर्षांची. गेली चार वर्षं आम्ही तिचं क्रिएटिनिन पेट्रोलच्या काट्यासारखं बघत असतो, दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणाचं लक्ष लागत नाही. खालच्या डाव्या दाढेमागे हिरडीत खोल पॉकेट झालेला, हाड खाली गेलेलं, दाढ हलायला लागलेली. डॉक्टरांचं म्हणणं फ्लॅप सर्जरी करून, म्हणजे हिरडी उचलून, साफ करू आणि हाडाच्या खड्ड्यात ही पावडर भरू, दाढ वाचेल. आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न, ही काच विरघळते म्हणे, मग विरघळून जाते कुठे? किडनीतूनच ना?

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे प्रश्न पडला की वहीपेन घेऊन बसायची सवय आहे. पुढचे दहाबारा दिवस जे वाचलं, जे डॉक्टरांना विचारलं आणि जी गणितं मांडली ते सगळं इथे लिहितेय, कारण किडनीचा पेशंट घरात असलेल्या प्रत्येकाला असा कुठलातरी कागद कधीतरी हातात येतो.

आधी नावांचा गोंधळ, कारण निम्मी भीती तिथेच आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य. त्याला ऑक्सिजन जोडला की सिलिका, म्हणजे वाळू, गारगोटी, काच, आणि आपल्या भाताच्या तुसातही तेच. आणि सिलिकोन हे तिसरंच, ते रबरासारखं पॉलिमर, ब्रेस्ट इम्प्लांट, कॅथेटर, शंट यांच्यात असतं. तिघांची नावं सारखी पण शरीरातलं वागणं अगदी वेगळं. सिलिकातही परत दोन जाती. काकांच्या छातीत गेली ती स्फटिकरूप, क्वार्ट्झ, तिचे अणू कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत, आणि तिचे ताजे फुटलेले बारीक कण पेशींना अक्षरशः फाडतात. १९९७ मध्ये कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, श्वासातून जाणारी ही स्फटिकरूप सिलिका पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणारी. त्याच वेळी अस्फटिक सिलिका तिसऱ्या गटात ठेवली, म्हणजे तसं ठरवण्याइतका पुरावा नाही. बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास अस्फटिक आहे आणि ती नाकातून जात नाही, हाडात बसते. हे आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा थोडा सैल झाला, पण "विरघळती ना पण?" हे तिने लगेच विचारलं. बरोबरच विचारलं.

या काचेची गोष्ट मला फार आवडली म्हणून थोडी सांगते. लॅरी हेंच नावाचे अमेरिकेतले काचेचे शास्त्रज्ञ, फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत होते. १९६७ मध्ये एका कॉन्फरन्सला जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून नुकताच परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. हेंच त्याला सांगत होते की आम्ही रेडिएशन झेलू शकणारं मटेरियल बनवतो, तर त्याने विचारलं की माणसाच्या शरीरात टिकेल असं काही बनवता येईल का, कारण तिकडे पोरांचे हातपाय कापावे लागत होते, धातू आणि प्लास्टिक शरीर स्वीकारत नव्हतं. हेंच यांनी विचार केला तो साधा होता, हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे, मग काचेतच ते घालू. १९६९ मध्ये उंदरांच्या हाडात ती काच बसवली आणि सहा आठवड्यांनी त्यांच्यासोबतच्या सर्जननी कळवलं की तुकडे हाडातून निघतच नाहीयेत, हाडाने धरून ठेवलेत. तीच ही ४५एस५ काच. वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साईड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साईड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साईड. खिडकीच्या काचेत सिलिका सत्तरच्या पुढे असते म्हणून ती शेकडो वर्षं तशीच राहते, इथे मुद्दाम कमी ठेवलीय म्हणून ही शरीरातल्या पाण्यात हळूहळू सुटते. १९८५ मध्ये अमेरिकेत कानातल्या हाडाच्या जागी बसवायला तिला पहिली परवानगी मिळाली, मग नव्वदच्या दशकात हिरडीच्या हाडासाठी पावडर आली. सेन्सिटिव्ह दातांच्या काही टूथपेस्टमध्येही हीच असते, पाकिटावर 'कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट' लिहिलेलं दिसेल. आई ती पेस्ट दोन वर्षं वापरत होती आणि आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं!

आत बसल्यावर होतं काय तर आधी सोडियम बाहेर पडतं, त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन जातो, दाण्यावर सिलिकाचा जेलीसारखा थर येतो, त्या थरावर कॅल्शियम फॉस्फेट जमतं आणि ते हाडाच्या खनिजासारखंच असल्यामुळे हाडाच्या पेशी त्याला घरचंच समजून चिकटतात. सिलिका जी सुटते ती ऑर्थोसिलिसिक अ‍ॅसिड म्हणून सुटते. नाव मोठं, पण रेणू छोटा, वजन फक्त ९६, युरियापेक्षा दीडपटीने जड एवढंच. किडनीच्या गाळणीतून तो आरामात जातो. दाणे स्वतः मात्र शेकडो मायक्रॉनचे, ते रक्तात जाऊन किडनीत अडकण्याचा प्रश्नच येत नाही, जे जातं ते विरघळलेलंच.

आता गणित. डॉक्टरांनी सांगितलं की आईच्या खड्ड्याला फार तर अर्धा ग्रॅम पावडर लागेल. अर्ध्या ग्रॅममध्ये ४५ टक्के म्हणजे २२५ मिलिग्रॅम सिलिका, त्यातलं नुसतं सिलिकॉन साधारण १०५ मिलिग्रॅम. समजा वाईटातलं वाईट धरलं की सगळं तीन महिन्यांत विरघळलं, तर दिवसाला सव्वा मिलिग्रॅमही नाही. आणि आपण रोज जेवणातून किती खातो? युरोप-अमेरिकेतली माणसं दिवसाला २० ते ५० मिलिग्रॅम सिलिकॉन खातात, आणि आपल्यासारखे धान्यावर जगणारे त्याहून जास्त, कारण धान्याच्या सालात ते भरपूर असतं. म्हणजे आईच्या रोजच्या भाकरी-भातातून आणि पाण्यातून तिची किडनी आधीच याच्या कितीतरी पट सिलिकॉन बाहेर टाकतेय. सोडियमही काढलं, किडनी म्हटलं की मीठ डोक्यात येतंच, तर अर्ध्या ग्रॅम काचेत ९० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे पाव ग्रॅम मिठाएवढं, तेही महिन्यांत पसरलेलं. फॉस्फरस तेराएक मिलिग्रॅम, एका कप दुधात याच्या कैक पट असतो. हे सगळं वहीत मांडल्यावर मला त्या रात्री झोप लागली.

पण कागदावरचं गणित वेगळं आणि शरीर वेगळं, म्हणून प्राण्यांवर काय दिसलं ते बघितलं. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत पॉल ड्युशेन यांच्या गटाने सशांच्या हाडात ही काच बसवून महिनोन्‌महिने त्यांची लघवी तपासली, २००२ मध्ये ते छापून आलं. सिलिकॉन लघवीतून विरघळलेल्या रूपात बाहेर येत होतं, लघवीत ते साका धरण्याच्या पातळीच्या खूप खाली होतं, आणि शेवटी हृदय, यकृत, फुप्फुस, प्लीहा, किडनी यांत ते साठलेलं सापडलं नाही. चांगली बातमी आहे. पण ते ससे धडधाकट होते. माझ्या आईची गाळणी अडतीस टक्क्यांवर आलीय. किडनी कमी चालणाऱ्यांच्या रक्तात सिलिकॉन वाढलेलं असतं हे जुनं माहीत असलेलं आहे, डायलिसिसवाल्यांमध्ये तर जास्तच, म्हणजे बाहेर जायचा रस्ता तोच एक आहे आणि तो अरुंद झाला की मागे तुंबतं. त्यामुळे 'अभ्यास झालेत, सेफ आहे' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायला हवा की कोणाच्या किडनीवर झालेत, आणि किती ग्रॅमसाठी. अर्ध्या ग्रॅमला माझं उत्तर 'चालेल' आहे. मांडीच्या हाडातली मोठी पोकळी भरायला किंवा मणक्याच्या ऑपरेशनला दहा-वीस ग्रॅम लागत असतील आणि पेशंटची किडनी पंधरा-वीस टक्क्यांवर असेल तर हेच गणित परत, नेफ्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांच्या समोर बसून मांडायला लागेल.

सिलिका किडनीला त्रास देऊ शकते का, तर हो, देऊ शकते, आणि कसा देते ते कळलं की इम्प्लांटचं जास्त नीट समजतं. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या कुरणांवर चरणाऱ्या गुरांना सिलिकाचे मुतखडे होतात, तिथलं गवत सिलिकाने भरलेलं आणि जनावर पाणी कमी पितं, मग लघवीत सिलिका इतकी घट्ट होते की खडा धरतो. तिथे उपाय म्हणून खाद्यात मीठ वाढवतात म्हणजे वासरं जास्त पाणी पितात. माणसात हे फार दुर्मिळ, पण वर्षानुवर्षं मॅग्नेशियम ट्रायसिलिकेटवाली अ‍ॅसिडिटीची औषधं खाणाऱ्यांमध्ये असे खडे सापडलेत. पाण्यात सिलिका लिटरला शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमपर्यंतच मावते, त्याच्यावर गेली की एकमेकांना चिकटायला लागते, सगळा खेळ या आकड्याचा आहे. आईच्या काचेतून दिवसाला येणार अडीच मिलिग्रॅम सिलिका आणि लघवी दीड लिटर. (अ‍ॅसिडिटीची ती गुलाबी-पांढरी बाटली मात्र आमच्याही कपाटात होती आणि आई मनात येईल तेव्हा दोन चमचे घ्यायची. किडनी कमी असताना त्यातलं मॅग्नेशियमही साठतं. ती बाटली त्याच दिवशी काढली.)

सिलिकोनचं किडनीशी नातं आणखी वेगळ्या वाटेने आहे आणि ते मला सगळ्यात धक्कादायक वाटलं. शरीराचा आकार वाढवायला पार्लरसारख्या ठिकाणी काही देशांत सुटं, पातळ सिलिकोन सुईने टोचतात. शरीर त्याच्याभोवती गाठी करतं, त्या गाठींमधल्या पेशी व्हिटॅमिन डी स्वतःच अ‍ॅक्टिव्ह करायला लागतात, कोणाचा कंट्रोल नाही, रक्तात कॅल्शियम चढतं, आणि ते चढलेलं कॅल्शियम किडनी बिघडवतं. १९८४ पासून अशा केसेस छापून आल्यात. म्हणजे इथे सिलिकोन किडनीपर्यंत पोचायचीही गरज नाही. नीट पिशवीत बंद असलेलं मान्यताप्राप्त इम्प्लांट आणि हे सुटं टोचलेलं द्रव यांना एका मापाने मोजू नये, पण ज्याने कुणी असं इंजेक्शन घेतलंय त्याने किडनीच्या डॉक्टरांना ते न लाजता सांगावं.

एवढी सगळी तयारी करून, वही घेऊन, मी आईला नेफ्रॉलॉजिस्टकडे घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर आहेत, कमी बोलतात. मी काचेचं सगळं सांगितलं, गणित दाखवलं, त्यांनी वही हातात घेऊन खरंच वाचली. मग म्हणाले, "काचेचं ठीक आहे. नंतर पेनकिलर कोणती देणार आहेत?"

मी ते विचारलंच नव्हतं.

दाताच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला कागद पर्समध्ये होता. तो काढला. त्यात अ‍ॅसिक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा, पाच दिवस. आणि गरज पडली तर केटोरोलॅक. डॉक्टरांनी पेनाने दोन्हीवर काट मारली आणि पॅरासिटामॉल लिहिलं. या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणाऱ्या रक्ताची वाट आवळतात, निरोगी माणसाला पाच दिवसांत काही कळणारही नाही, पण आईसारखीला, त्यात ती बीपीची गोळी घेते आणि ऑपरेशनच्या दिवशी धड पाणी पिणार नाही, तिला पाच दिवसांत क्रिएटिनिन दीडाचं अडीच व्हायला पुरे. मी दहाबारा दिवस काचेच्या मागे होते, आणि खरा धोका पर्समध्ये घडी घालून ठेवलेला होता. दाताच्या डॉक्टरांना किडनीचं सांगितलं होतं का? फॉर्मवर 'डायबेटिस' लिहिलं होतं, किडनी लिहायला जागाच नव्हती आणि आम्हीही तोंडी बोललो नाही. चूक आमचीही. फोन केल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं आणि अँटिबायोटिकचा डोसही किडनीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवला.

हाडाच्या मोठ्या इन्फेक्शनमध्ये हाच मुद्दा अजून मोठा होतो असं नेफ्रॉलॉजिस्ट सांगत होते. इन्फेक्शन झालेला सांधा काढून तिथे अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरतात, त्यातून जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन झिरपतं आणि काही पेशंटची किडनी त्याने अचानक बसते, हे नोंदलेलं आहे. फिनलंडमधून आलेली एस५३पी४ नावाची दुसरी बायोअ‍ॅक्टिव्ह काच आहे, ५३ टक्के सिलिकाची, ती हाडाच्या जुनाट इन्फेक्शनमध्ये भरतात. तिच्यात अँटिबायोटिक नसतंच, ती विरघळताना आजूबाजूचं पाणी अल्कलीकडे झुकवते आणि क्षार वाढवते त्यामुळे जंतू तग धरत नाहीत. तिचे दाणे हळू विरघळतात, वर्षांनंतरही एक्सरेत दिसतात. म्हणजे काही किडनीच्या पेशंटसाठी सिलिकाची काच हीच कमी धोक्याची बाजू असू शकते. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

ऑपरेशन एका मंगळवारी झालं. मी बाजूला उभी होते, पावडर छोट्या काचेच्या वाटीत सलाईनच्या थेंबांनी भिजवली तेव्हा ती ओल्या वाळूसारखी दिसत होती, अगदी काका साच्यात दाबायचे तशी, आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. सगळं माहीत असूनही. डॉक्टरीणबाईंनी ती चमच्याने खड्ड्यात भरली, हिरडी शिवली, पाऊण तासात झालं. मी निघताना बाटलीवरचं स्टिकर मागून घेतलं, त्यावर मटेरियलचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी. त्या म्हणाल्या आजवर कोणी मागितलं नव्हतं. आपल्याकडे २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, इम्प्लांटमुळे काही बिघडलं तर कळवायला २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्सचा सरकारी कार्यक्रमही आहे, पण शरीरात काय बसवलंय हेच माणसाला माहीत नसेल तर तो कळवणार काय. तुमच्या घरात कोणाच्या दातात, हाडात, डोळ्यात काही बसवलं असेल तर ते स्टिकर आजच मागा आणि फाईलला चिकटवा.

दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.५. तीन महिन्यांनी १.५. सहा महिन्यांनी १.४, लॅबचा एवढा फरक होतोच, त्याने हुरळून गेलो नाही. दाढ हलायची थांबलीय, एक्सरेत खड्डा भरत आलेला दिसतो. आई परवा त्या बाजूने शेंगदाणे चावत होती.

आणि मग एक गोष्ट राहिली होती जी या सगळ्यात माझ्या डोळ्यासमोर असून मला दिसली नव्हती. सिलिका आणि किडनी असं शोधताना निम्म्याहून जास्त जे सापडत होतं ते इम्प्लांटचं नव्हतंच, ते धुळीचं होतं. क्वार्ट्झची धूळ वर्षानुवर्षं श्वासात घेणाऱ्या कामगारांना फुप्फुसासोबत किडनीचाही आजार होतो, धुळीने शरीराची स्वतःवरच उलटणारी प्रतिकारशक्ती जागी होते आणि ती गाळण्यांना सूज आणते. अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिका धुळीचे नियम कडक केले तेव्हा त्या धोक्यांच्या यादीत किडनी नावानिशी आहे. मी ते वाचत होते आणि आईसाठीचं नाही म्हणून पानं पुढे ढकलत होते. काकांची छाती दर वर्षी तपासली जाते, एक्सरे होतो, फुंकून बघायची ती टेस्ट होते. किडनी एकदाही तपासलेली नाही. मागच्या आठवड्यात काकूला विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या पायावर सूज असती की संध्याकाळी, आम्हाला वाटलं बसून बसून येती."

गुरुवारी सकाळी त्यांना लॅबमध्ये नेतेय. क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, दोन्ही.